दस्तगीर उस्तादांची पक्कड

"पण चाचा, काम वर आहे. तुम्ही खाली काय शोधताय?"

भरतेशनं हे विचारलं तेव्हा दस्तगीर उस्ताद त्याच्या नव्या घराच्या पॅसेजमध्ये गुडघ्यांवर होते. डोळ्यांना चौकड्याचा रुमाल बांधलेला. एक हात भिंतीला, दुसरा डोक्याच्या वर हवेत चाचपडणारा.



मागच्या खोलीच्या उंबऱ्यापासून पुढच्या दारापर्यंत उस्ताद तसेच रांगत गेले. वय चौऱ्याहत्तर. दाराची चौकट हाताला लागल्यावर थांबले, रुमाल सोडला आणि तिथंच बसून दम खाल्ला.

त्यांचं काम तपासणं असंच असायचं. जयसिंगपुरात चाळीस वर्षं वायरिंग केलेल्या या माणसानं अकरा जणांना हाताखाली तयार केलं, आणि अकराही जणांनी पाठीमागं या रांगण्याची चेष्टा केली. कुणी म्हणे, चाचांचा स्क्रू हरवलाय. कुणी म्हणे, चाचांचाच एक स्क्रू ढिला आहे. असं का करता, हे तोंडावर कुणी विचारलं नाही. भीती वाटायची असं सगळे सांगतात. मला वाटतं, गरजच वाटली नसावी.

भरतेश मगदूम हा त्यातला अकरावा. नऊ वर्षं उस्तादांकडं शिकला, मग सहा वर्षं पुण्यात मोठमोठ्या इमारतींवर राबला, लायसन काढलं आणि गावात परतला. आता स्वतःचं घर बांधलं होतं. रविवारी वास्तुशांत होती आणि आज गुरुवार.

उस्ताद यंदा काम सोडणार होते. आधीच्या दहा जणांना त्यांनी एकेक नवी पक्कड दिली होती. त्यांच्या कमरेची जुनी पक्कड मात्र अजून कमरेलाच होती. तिच्या एका मुठीवरचं लाल रबर वितळून आकसलेलं, दुसरी मूठ धड. ही पक्कड ज्याच्या हातात जाईल त्याला उस्तादांची गादी मिळाली, असं सगळा गाव समजणार होता.

भरतेशला ती पक्कड हवी होती. त्यानं तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण घर दाखवायला उस्तादांना गाडीवरून स्वतः आणलं होतं.

"वर बघा तरी," तो म्हणाला.

वर फॉल्स सीलिंगचा पत्र्याचा सांगाडा तयार होता. पांढरे बोर्ड भिंतीला टेकून ठेवलेले. ते चारच्या सुमाराला बसणार होते. सांगाड्याच्या पट्ट्यांवरून वायरींच्या जुड्या गेल्या होत्या. दिव्यांच्या, पंख्यांच्या, एसीच्या, इन्व्हर्टरच्या, कॅमेऱ्यांच्या. वितीवितीवर पांढरा प्लॅस्टिकचा टाय, प्रत्येक टायचं टोक एकाच मापानं कापलेलं. वेणी घातल्यासारखं काम होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

उस्तादांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ग्वाड दिसतंय," ते म्हणाले.

भरतेशचा चेहरा खुलला.

"ही वायर कुणाच्या जिवावर हाय?"

"म्हणजे?"

"तिला धरलंय कुणी?"

"टायनं."

"टायला?"

"चॅनलनं. सीलिंगच्या सांगाड्यानं."

"आणि सीलिंगच पडलं तर?"

भरतेश हसला. "सीलिंग कशाला पडतंय, चाचा? आमच्या चौदा मजल्यांच्या इमारतीत असंच केलंय."

"आग लागली तर?"

"आग लागली तर ब्रेकर पडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज बंद."

"वीज बंद झाली. बरं." उस्तादांनी मान डोलावली. "वायर कुठं गेली?"

भरतेशनं जुड्यांकडं बघितलं.

मग त्याला आठवलं. "वायरपण साधी नाही, चाचा. आगीत पेट न घेणारी आहे. महागातली."

"जळणार न्हाई?"

"सहजासहजी नाही."

"हां," उस्ताद म्हणाले. "म्हणूनच तर..."

 बोलणं अर्ध्यावर सोडायची त्यांची जुनी सवय होती. भरतेशला पुण्यात सहा वर्षं पुरं बोलणारे साहेब भेटले होते, त्यामुळं या सवयीचा त्याला आता राग येऊ लागला होता.

"चाचा, तुमच्या वेळी लाकडी पट्ट्या होत्या. आता काम बदललंय. वरचं कोण बघतंय? बोर्ड लागले की संपलं. तरी मी एवढं नीट केलंय."

"कुणी बघत न्हाई," उस्ताद म्हणाले. "खरं हाय."

त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. शिडी ओढली. दोन पायऱ्या चढून एक काडी ओढली आणि एका टायखाली धरली. प्लॅस्टिक आधी चकाकलं, मग सुतासारखं ताणलं गेलं आणि तुटलं. काडी निम्मीसुद्धा जळली नव्हती. जुडी थोडी खाली झुकली.

"एक तुटला," भरतेश म्हणाला. "बाकीच्यांनी धरलंय की."

"आग एकाच टायला लागती व्हय?"

उस्ताद खाली उतरले. काडी विझवून खिशात ठेवली आणि कमरेची पक्कड काढली.

भरतेशनं उजवा हात पँटीला पुसला. नऊ वर्षं त्यानं या क्षणाची वाट बघितली होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

उस्ताद पक्कड घेऊन पुन्हा शिडीवर चढले.

टुक.

पहिला टाय खाली पडला.

टुक... टुक...

"चाचा, काय करताय?"

टुक...

शिडी पुढं सरकवत, एकेक टाय तोडत म्हातारा अख्ख्या पॅसेजभर गेला. जुड्या सुटल्या. सांगाड्याच्या मोकळ्या चौकटींतून वायरी वेटोळ्यांनी खाली आल्या, काही छातीपर्यंत, काही गुडघ्यापर्यंत. घराला अजून वीज जोडली नव्हती, म्हणून त्यात धोका काहीच नव्हता. फक्त अपमान होता.

"दोन दिवसांचं काम होतं ते," भरतेश म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता.

"ठाव हाय."

"रविवारी वास्तुशांत आहे. पाहुणे यायचेत."

"त्येबी ठाव हाय."

"मग काम पसंत नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं. तोडायचं कशाला?"

उस्तादांनी पक्कड कमरेला अडकवली. मागच्या खोलीकडं बोट दाखवलं.

"तिथं कोण निजणार?"

"आई."

भरतेशची आई, पद्माक्का, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली होती. डावं अंग पूर्ण गेलेलं. घर तिच्यासाठीच बांधलं होतं. मागची खोली थंड राहते, खिडकीतून कडुनिंब दिसतो, म्हणून ती तिला.

"तिचं वजन किती?"

"वजन?... चाळीस असेल. आजारपणात उतरलीय."

कोपऱ्यात भिंतीच्या पुट्टीची पोती रचलेली होती. उस्तादांनी एका पोत्यावर छापलेला आकडा वाचला. चाळीस किलो.

"ह्ये मागच्या खोलीत न्हेऊन ठेव."

"चाचा..."

"ठेव."

भरतेशनं ठेवलं. रागात ठेवलं, पण ठेवलं. नऊ वर्षांची सवय सहा वर्षांत जात नाही.

उस्तादांनी आपला रुमाल त्याच्या डोळ्यांना बांधला. स्वतःच्या हातानं, घट्ट.

"धूर वर जातो. तवा वाकून यायचं. पोतं सोडायचं न्हाई. दारात मी हाय."

"किती वेळ?"

"मी मोजतो."

ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले आणि मोजू लागले. एक. दोन. तीन.

भरतेशनं पोतं छातीशी ओढून घेतलं आणि गुडघ्यांवर निघाला. घर त्याचंच होतं. नकाशा त्यानंच काढला होता, प्रत्येक भिंतीतल्या पाइपाची जागा त्याला झोपेतसुद्धा सांगता आली असती. पहिली तीन-चार हात वाट सहज सरली.

मग गालाला काहीतरी लागलं. त्यानं मान वळवली. दुसरीकडूनही लागलं.

अठरा. एकोणीस.

त्यानं हातानं वायर बाजूला केली. ती पोत्याखाली गेली. पोतं ओढलं तर वायर ताणली, आणि वरून आणखी दोन वेटोळी त्याच्या पाठीवर आली. एक पाय अडकला. पाय सोडवायला तो मागं वळला, तेव्हा एक फेरा गळ्याशी आला. ओढलं की आवळत होता, ढिला सोडला की दुसरा कुठला तरी फास बसत होता.

एकतीस. बत्तीस.

आता दार कुठल्या बाजूला आहे हेच त्याला कळेना. स्वतःच्या घरात. त्यानं हात लांब केला, भिंत लागली नाही. श्वास मोठ्यानं येऊ लागला. धूर नव्हता, आग नव्हती, बाहेर भर दुपारचं ऊन होतं, आणि तरी भरतेशला खरोखर भीती वाटली.

"चाचा," तो म्हणाला, "पक्कड द्या."

बाहेरून काहीच आलं नाही.

"चाचा, पक्कड द्या. अडकलोय."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आकडे थांबले होते.

"मोजायचं का थांबलात?"

"पुढं मोजायचं कारण ऱ्हायलं न्हाई," उस्ताद म्हणाले.

भरतेशनं रुमाल ओढून काढला.

दार पाच हातांवर होतं. उन्हाचा पट्टा त्याच्या बोटांपासून जेमतेम दोन विती दूर. त्यानं कुशीत बघितलं. पोतं नव्हतं. ते मागं, खोलीच्या उंबऱ्यापासून थोडं पुढं आडवं पडलं होतं, त्याच्याभोवती काळ्या वायरीचा फेरा, एका कोपऱ्यातून पांढरी पुट्टी सांडलेली.

ते हातातून कधी सुटलं, हे त्याला कळलंच नव्हतं.

तो तसाच वायरींत बसून राहिला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चाळिशीला आलेला माणूस, लायसनवाला, स्वतःच्या घरात लहान मुलासारखा रडला. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

उस्ताद आत आले. पक्कड काढली नाही. त्याच्या शेजारी मांडी घालून बसले आणि बोटांनी एकेक वेटोळं सोडवू लागले. त्यात बराच वेळ गेला.

"म्हणून तुम्ही रांगता," भरतेश शेवटी म्हणाला.

उस्तादांनी आणखी एक वेटोळं सोडवलं.

"नऊ वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

"कुणी इचारलं न्हाई."

"कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

उस्तादांचे हात थांबले.

"पेठंत एक घर हुतं," ते म्हणाले. "वरच्या छताला तवा फळ्या मारायचे. त्या फळ्यांवर मी वायर नुसती टाकून दिली हुती. कोण बघतंय म्हटलं... आग लागली. समदी बाहेर आली. मग त्या घरचा पोरगा आईला आणायला परत आत गेला."

"मग?"

"वायर माझी हुती."

"मग काय झालं, चाचा?"

उस्तादांनी शेवटचं वेटोळं त्याच्या पायातून काढलं, नीट गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं.

"मला घरी सोड," ते म्हणाले. "नमाजाची येळ झाली."

चारला सीलिंगचा मिस्त्री आला. भरतेशनं त्याला परत पाठवलं. मिस्त्री म्हणाला, आज नाही लावलं तर पुढचे पंधरा दिवस मी मोकळा नाही. भरतेश म्हणाला, बरं.

शुक्रवार आणि शनिवार भरतेशनं एकट्यानं काम केलं. हाताखालची माणसं त्यानं मुद्दाम बोलावली नाहीत. पॅसेजमधला पत्र्याचा सांगाडा खोलला. वायरी सरळ केल्या आणि थेट स्लॅबला भिडवल्या. हात-हात अंतरावर स्लॅबमध्ये भोक, भोकात ठोकलेली लोखंडी खुंटी, त्यावर पत्र्याची क्लिप, क्लिपला स्क्रू. प्लॅस्टिकचं नावसुद्धा नाही. वळणावर दोन क्लिपा, आणि दारावर, जिथून माणूस जाणार, तिथं तीन. क्लिप बसली की तो तिला दोन्ही हातांनी धरून लोंबकळायचा. ती हलली नाही की पुढच्या क्लिपकडं जायचा.

ते काम बघायला सुंदर नव्हतं. त्याचा फोटो त्यानं कुणाला पाठवला नाही.

शनिवारी संध्याकाळी त्यानं सांगाडा पुन्हा वर चढवला, वायरीच्या खाली, तिला न टेकवता. मग सांगाड्याचे स्क्रू काढत आणले, शिडी बाजूला घेतली आणि तो एका झटक्यात खाली ओढून पाडला. केवढा तरी आवाज झाला. शेजारी धावत आले. भरतेश पत्र्याच्या ढिगात उभा राहून वर बघत होता. वायर जिथल्या तिथं होती.

रविवारी वास्तुशांत झाली ती तशाच उघड्या स्लॅबखाली. पाहुणे वर बघत, एकमेकांकडं बघत. भरतेशच्या मावशीनं तर विचारलंच, "काम अर्धंच ऱ्हायलं का रे?" तो म्हणाला, "पुरं झालंय, मावशी. झाकायचं राहिलंय." मावशीला काही कळलं नाही, पण तिनं मान हलवली.

उस्ताद आले. पांढरा सदरा घालून आले होते. कमरेला पक्कड होतीच. त्यांनी वर एकदाही बघितलं नाही. सरळ मागच्या खोलीत गेले आणि पद्माक्काच्या कॉटशेजारी खुर्चीवर बसले.

"कशी हाईस, अक्का?"

"बरी हाय म्हणायचं," पद्माक्का म्हणाली. तिचं अर्धं तोंड हसलं. "पोरगं चार दिस झालं येड्यासारखं वागतंय. तुमी काय केलंसा त्येला?"

"मी कुठं काय."

पंगत बसली होती. सगळे पुढच्या अंगणात होते. भरतेश खोलीत आला, पाठीमागं दार लोटून घेतलं. त्याच्या हातात जाड सतरंजी होती. ती त्यानं खाली अंथरली, आईला कॉटवरून उचललं आणि तिच्यावर निजवलं.

"आरं, काय चाललंय तुझं? पाहुणं बघतील."

"बघू देत. तू माझा सदरा धर. उजव्या हातानं."

त्यानं खिशातून रुमाल काढून डोळ्यांना बांधला. कोपरानं दार ढकललं. गुडघ्यांवर बसला, वाकला, सतरंजीची टोकं मुठीत आवळली आणि ओढू लागला.

पद्माक्का आधी हसत होती. मग तिनं मुलाचा चेहरा बघितला आणि हसायची थांबली. तिनं त्याचा सदरा घट्ट धरला.

उस्ताद मागून चालत होते. या वेळी ते मोजत नव्हते.

गालाला काही लागलं नाही. पायात काही आलं नाही. फरशीवर सतरंजी घासण्याचा आवाज तेवढा येत होता. भरतेशची पाठ दाराच्या चौकटीला लागली, त्यानं एक शेवटचा हिसका दिला आणि दोघं उन्हात आली.

त्यानं रुमाल काढला नाही. आधी हात पुढं नेऊन चाचपलं. आईचं कपाळ हाताला लागलं, नाक लागलं, तिचे ओले गाल लागले.

"हाय रं, हाय मी," पद्माक्का म्हणाली. "हितंच हाय."

पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून बघत होती.

भरतेशनं रुमाल काढला. उस्ताद पुढ्यात उभे होते. त्यांनी कमरेची पक्कड काढली आणि त्याच्यापुढं धरली.

या वेळी भरतेशनं हात पुसला नाही. पुढंही केला नाही. उस्तादांनीच त्याचा हात उचलला, पक्कड तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली. ती दिसायची त्यापेक्षा जड होती. त्याचा अंगठा त्या वितळून आकसलेल्या मुठीवर आला.

नऊ वर्षं ही मूठ त्यानं रोज बघितली होती.

"चाचा," तो म्हणाला, "ही अशी कशानं झाली?"

उस्तादांनी पद्माक्काकडं बघितलं. मग दाराकडं.

"पेठंतल्या त्या पोरानंबी आतनं पक्कडच मागितली हुती," ते म्हणाले. "माझा हात पोचला न्हाई."